मनाचा आजार आणि विम्याचे गणित

हर्निया आणि स्किझोफ्रेनिया या दोन आजारांत फरक काय? डॉक्टरला विचारले तर तो शरीरशास्त्र सांगू लागेल. विमा कंपनीचे उत्तर अगदी वेगळे असते. हर्नियाचा रुग्ण ठरलेल्या दिवशी भरती होतो, शस्त्रक्रिया होते, काही दिवसांनी तो घरी जातो आणि बिल तयार होते. सुरुवात आहे, शेवट आहे, आकडा आहे. स्किझोफ्रेनिया नेमका केव्हा सुरू झाला हे घरच्यांना सांगता येत नाही आणि केव्हा संपेल हे डॉक्टरला सांगता येत नाही. त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवसांनी तपासणी आणि घरच्यांची साथ. याचे बिल कोणत्या तारखेचे करायचे?

मानसिक आजारांवरच्या सेवा कशा असाव्यात हे वैद्यकशास्त्र ठरवते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, यावरूनही त्या बऱ्याच ठरतात. चामोर्शीसारख्या तालुक्यात ज्यांच्या घरी असा रुग्ण असतो ते लोक शाळेतल्या गुरुजींना किंवा मॅडमना विचारतात, "आमच्याजवळ आरोग्याचे कार्ड आहे, त्यावर हे होते का?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर विम्याचे थोडे गणित समजून घ्यावे लागते.

चिंचोक्यांची भिशी

हे गणित वर्गात करून पाहता येते. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 10 चिंचोके एका डब्यात टाकावेत. डब्यात 400 चिंचोके जमले. आता प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. दोन चिठ्ठ्यांवर 'शस्त्रक्रिया, खर्च 150' असे लिहिलेले आहे, बाकीच्या कोऱ्या आहेत. त्या दोघांना डब्यातून मिळून 300 चिंचोके द्यायचे. उरलेले 100 डबा सांभाळणाऱ्याच्या खर्चासाठी. प्रत्येकाने 10 चिंचोके देऊन 150 च्या संकटापासून संरक्षण मिळवले. संकट कोणावर येईल हे ठाऊक नाही, पण साधारण किती जणांवर येईल हे ठाऊक आहे. सगळा विमा एवढ्याच ज्ञानावर उभा आहे.

आता दुसरा डाव. डबा पुन्हा 400 चा. या वेळी शस्त्रक्रियेच्या चिठ्ठ्या काढून टाका आणि चार चिठ्ठ्यांवर 'दर महिन्याला 5' असे लिहा. वर्षाचे प्रत्येकी 60, चौघांचे मिळून 240. ही रक्कम पहिल्या डावातल्या 300 पेक्षा कमीच आहे. पण डब्यावर एक नियम चिकटवा : 'एका वेळी 50 च्या आतला खर्च मिळणार नाही.' आता चौघांनाही काही मिळत नाही. समजा, त्यांच्यापैकी एकाला महिन्याचे 5 परवडले नाहीत. औषध सुटले, आजार उलटला आणि त्याला भरती व्हावे लागले. खर्च 150. तो मात्र नियमात बसतो. डब्यातून 150 गेले. नियम नसता तर 240 गेले असते. म्हणजे डबा सांभाळणाऱ्याला हा नियम फायद्याचाच ठरला. दोघांचे आजार उलटले तर 300 जातील आणि तोच नियम तोट्याचा ठरेल.

येथले आकडे सोयीसाठी घेतले आहेत. ते बदलून नियम केव्हा फायद्याचा आणि केव्हा तोट्याचा, हे मुलांना शोधू द्यावे. पण एक गोष्ट आकडे बदलले तरी बदलत नाही. उरलेल्या तिघांनी स्वतःचे चिंचोके खर्च केले, की औषधच सोडले, की त्यांना सांभाळण्यासाठी घरात कोणाची मजुरी बुडाली, याची नोंद डब्याच्या वहीत कुठेच होत नाही.

असा नियम निव्वळ कंजूषपणातून येत नाही. लहान लहान हजार बिले तपासायला एका मोठ्या बिलापेक्षा जास्त खर्च येतो. शिवाय आजारी माणसालाच विम्याची ओढ जास्त असते, ही विमा कंपनीची जुनी धास्ती आहे. हाड मोडल्याचा क्ष-किरण फोटो दाखवता येतो, नैराश्याचा असा फोटो निघत नाही. म्हणून मानसिक आजारांना विम्याने अनेक वर्षे दाराबाहेर ठेवले.

पैसा जाईल तिकडे रुग्ण

पैसे देण्याची पद्धत रुग्णाची जागा कशी ठरवते, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधले आहे. 1874 मध्ये तेथील सरकारने स्थानिक मंडळांना प्रत्येक निर्धन मनोरुग्णामागे आठवड्याला 4 शिलिंग अनुदान देण्यास सुरुवात केली. अट एकच होती : रुग्ण मनोरुग्णालयात असला पाहिजे. तोच माणूस गरिबांसाठीच्या कामगृहात ठेवला तर हे अनुदान नाही. साहजिकच कामगृहातली म्हातारी, दुबळी माणसे मनोरुग्णालयात पाठवणे मंडळांना सोयीचे झाले. आजार तोच, माणूस तोच. पैसे खाटेला जोडले, म्हणून माणूस खाटेवर गेला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत याच्या उलट प्रयोग झाला. तेथे नोकरदार वर्गाचा आरोग्यखर्च मुख्यतः विम्यातून भागतो. डॉक्टरला प्रत्येक भेटीचे आणि रुग्णालयाला प्रत्येक दिवसाचे पैसे मिळत, त्यामुळे भेटी आणि दिवस दोन्ही वाढत गेले. यावर उपाय म्हणून 1973 च्या कायद्याने वेगळ्या प्रकारच्या संस्थांना उत्तेजन दिले. 'मॅनेज्ड केअर' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत म्हणजे उपचारांवर देखरेख ठेवणारा विमा. या पद्धतीची मुख्य हत्यारे तीन. पहिले, दर सभासदामागे ठरावीक रक्कम : तो वर्षभरात कितीही वेळा आला तरी तेवढीच. दुसरे, दारावरचा डॉक्टर : त्याने चिठ्ठी दिल्याशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. तिसरे, पूर्वपरवानगी : रुग्णाला भरती करण्याआधी आणि त्याचा मुक्काम वाढवण्याआधी कंपनीची संमती घ्यायची.

मानसिक आजारांच्या बाबतीत अनेक ठिकाणी एक पाऊल पुढे टाकले गेले. तेवढा भाग वेगळा काढून स्वतंत्र कंपनीकडे सोपवण्यात आला. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1992 मध्ये गरिबांसाठीच्या आपल्या योजनेत असे केले. पहिल्याच वर्षी या सेवांवरचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी कमी झाला. रुग्णालयातले दिवस कमी झाले हे त्याचे एक मोठे कारण. त्या वेळी केलेल्या अभ्यासात सेवेचा दर्जा एकंदरीत घसरल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. विनाकारण लांबलेले मुक्काम कमी होणे रुग्णाच्याही हिताचे असते.

पण या पद्धतीत एक धोका मुळातच आहे. ठरावीक रक्कम आधीच हातात पडली की न आलेला रुग्ण हा कंपनीचा नफा होतो. हर्नियाचा रुग्ण भांडून आपला हक्क मिळवील. नैराश्याने ग्रासलेला माणूस परवानगीच्या अर्जापाशीच थांबतो, कारण पुढाकार घेता न येणे हेच त्याच्या आजाराचे लक्षण असते. अनेक विमापत्रांत मानसिक आजारासाठी वर्षाला 30 दिवस भरती आणि 20 भेटी अशा मर्यादाही असत. 1996 च्या कायद्याने मानसिक आजारांसाठी पैशांची वेगळी, कमी मर्यादा घालण्यास बंदी केली. कंपन्यांनी मग दिवसांच्या आणि भेटींच्या मर्यादांवर भर दिला. ती पळवाट बंद करायला 2008 चा दुसरा कायदा करावा लागला.

समान, पण कशाशी?

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यात आला तो मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मुळे. तो 29 मे 2018 पासून लागू झाला. शारीरिक आजारांसाठी विमा ज्या पायावर मिळतो त्याच पायावर तो मानसिक आजारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने द्यावा, असे त्याच्या 21 व्या कलमात सांगितले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना त्याप्रमाणे कळवले. तरीही टाळाटाळ चालू राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये एका प्रकरणात निर्णय दिला, की कायदा लागू झाल्यानंतर मानसिक आजार वगळणारे कलम विमापत्रात ठेवून पैसे नाकारता येणार नाहीत. पुढे प्राधिकरणाने 31 ऑक्टोबर 2022 ही मुदत घालून सर्व विमापत्रांत हे संरक्षण आणण्यास सांगितले.

हे पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. पण 'समान' म्हणजे कशाशी समान? आपल्याकडचा बहुतेक आरोग्यविमा भरती झालेल्या रुग्णासाठी असतो. बाह्यरुग्ण विभागातला खर्च त्यात सहसा येत नाही. शारीरिक आजारांत शस्त्रक्रिया, अपघात, हृदयविकाराचा झटका असे भरतीचे पुष्कळ प्रसंग असतात, त्यामुळे तो विमा उपयोगी पडतो. नैराश्य, चिंतारोग, मिरगीसोबत येणारे मानसिक त्रास, स्थिरावलेला स्किझोफ्रेनिया यांचे बहुतेक उपचार मात्र भरतीशिवाय होतात. खाट हे माप दोघांना सारखे लावले आणि एकाच्या पदरात फार कमी पडले. चौथीतल्या आणि दहावीतल्या मुलाला एकाच मापाचा गणवेश देण्यासारखाच हा प्रकार.

कार्डावर काय होते?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ या. महाराष्ट्र शासनाने 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली ती आठ जिल्ह्यांत, आणि गडचिरोली त्या पहिल्या आठांत होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, अंगीकृत रुग्णालयात पैसे न भरता उपचार, मदतीला आरोग्यमित्र अशी तिची रचना होती. योजनेत 30 विशेष शाखांमधल्या 971 शस्त्रक्रिया व उपचारांचा समावेश होता. त्या 30 शाखांत मानसोपचार ही शाखा नव्हती. पुढे 2017 मध्ये ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2020 मध्ये तिची प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी सांगड घातली गेली आणि 2024 मध्ये संरक्षणाची रक्कम 5 लाखांपर्यंत वाढली.

केंद्राची योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. तिच्या यादीत मानसिक आजारांचा विभाग पहिल्यापासून आहे, ही जमेची बाजू. पण ते उपचार त्या वेळी सरकारी रुग्णालयांपुरते ठेवले होते, आणि योजना मुळात भरतीची आहे. भरतीआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस एवढाच तिचा विस्तार. राज्याच्या मूळ योजनेत घरी गेल्यानंतरची मुदत 10 दिवस होती.

या 15 दिवसांकडे नीट पाहावे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची तीव्र लक्षणे भरतीत काही आठवड्यांत आटोक्यात येऊ शकतात. त्यानंतर आजार पुन्हा उलटू नये म्हणून औषध चालू ठेवायचे असते ते महिनेच्या महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षे. पंधराव्या दिवसानंतरचा सगळा काळ कार्डाच्या बाहेर जातो.

आणि चामोर्शीत हा काळ सोपा नसतो. जिल्ह्याचे रुग्णालय गडचिरोलीला, तीसपस्तीस किलोमीटरवर. मोठे मनोरुग्णालय नागपूरला, 1864 साली सुरू झालेले, चामोर्शीहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. औषध फुकट मिळाले तरी एसटीचे भाडे, रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची मिळून दोघांची बुडालेली मजुरी आणि हॉटेलातले जेवण, एवढा खर्च दर खेपेला येतोच. धानाची रोवणी, कापणी किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम असला की वर्षाची कमाई त्या थोड्या दिवसांत करायची असते. खेप चुकते ती अशा वेळी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गावातून निघताच येत नाही. औषध सुटते आणि दोन-तीन महिन्यांनी रुग्ण पुन्हा बिघडतो. मग त्याला भरती करता येते आणि कार्ड पुन्हा चालते. आपल्या डब्यातला चौथा विद्यार्थी तो हाच.

पाठपुराव्यासाठी पैसे देणे विम्याला जमतच नाही, असे मात्र नाही. 2012 च्या त्याच योजनेत काही आजारांसाठी 121 पाठपुरावा सेवा स्वतंत्रपणे ठेवल्या होत्या. राज्य कामगार विमा योजनेत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे मिळतात. शिवाय तिच्या दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकार असल्यामुळे बुडालेल्या मजुरीची भरपाईही दीर्घकाळ मिळू शकते. पण ती योजना संघटित क्षेत्रातल्या कामगारांसाठी आहे. धानशेतीतला मजूर तिच्यात येत नाही. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात बाह्यरुग्ण तपासणी आणि नियमित उपचारपद्धतींचाही समावेश आहे. वर्गात असे मूल असेल तर शिक्षकाला ही माहिती असावी.

खाटेशिवायचे उपचार

भरतीशिवाय खरोखर काही साधते का, असे कोणी विचारील. आपल्या शेजारीच याचे दोन चांगले पुरावे आहेत. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत ठरावीक पद्धतीने बोलायचे, त्यांना पुन्हा लहानमोठ्या कामांकडे वळवायचे, एवढेच त्याचे स्वरूप होते. तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

दुसरा पुरावा विदर्भातला. 'विश्राम' या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांपासून डॉक्टरांपर्यंत साखळी उभी केली गेली. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम 4 जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानंतर 27 पोचू लागले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) महाराष्ट्र नव्हता, पण शेजारची मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात ही राज्ये होती. त्या सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. अमरावतीच्या आकड्याचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

आता हे दोन्ही प्रयोग विम्याच्या वहीत लिहून पाहा. खाट नाही, शस्त्रक्रिया नाही, तज्ज्ञ डॉक्टरचे बिल नाही. उपयोग सिद्ध झालेला असूनही पैसे मागायला यांना रकानाच नाही. म्हणून असे काम विम्यावर चालत नाही. ते चालते देणग्यांवर किंवा सरकारच्या वार्षिक अंदाजपत्रकावर. 1996 पासून देशात वाढत गेलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम असाच अंदाजपत्रकावर चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे पथक ठेवून त्याने तालुक्यापर्यंत सेवा न्यावी, ही त्यामागची कल्पना. पगारावर चालणाऱ्या सेवेला रुग्ण टाळून नफा होत नाही, हा तिचा गुण. रुग्ण आला नाही तरी पगार चालू राहतो, आणि जागा रिकामी राहिली तर बिल थांबत नाही, त्यामुळे ओरडही होत नाही, हा तिचा दोष.

मग कशाचे पैसे द्यावेत?

तिन्ही पद्धतींकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट कळते. भेटीगणिक किंवा दिवसागणिक पैसे दिले की भेटी आणि दिवस वाढतात. माणशी ठरावीक रक्कम दिली की भेटी कमी होतात. पगार दिला की काम माणसाच्या निष्ठेवर आणि देखरेखीवर सोडले जाते. मानसिक आजारात आपल्याला हवे असते ते सातत्य, आणि या तिघांपैकी एकही पद्धत सातत्याचे पैसे देत नाही.

म्हणून मोजायचे ते वेगळे हवे. तालुक्यात स्किझोफ्रेनियाचे जेवढे रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण औषध घेत आहेत? किती जण पुन्हा कामावर जाऊ लागले? चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिकेकडे ही वही असली आणि खेप चुकलेल्या घरी आशाताई जाऊन आली, तर तेवढ्या कामाचा मोबदला भरतीच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन लागू पडते. अशा रुग्णांसाठी तर तालुक्यातली ही सोय दोनशे किलोमीटरवरच्या खाटेपेक्षा मोलाची आहे.

पालकांना काय सांगावे?

"कार्डावर होते का?" या प्रश्नाचे उत्तर असे : भरती करावी लागली तर आरोग्यमित्राला विचारून कार्डाचा उपयोग करून घ्यावा. पण रोजच्या औषधासाठी कार्डाची वाट पाहू नये. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 2017 च्या कायद्याच्या 18 व्या कलमानुसार, आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत. आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय त्याच पातळीवरचे आहे. म्हणजे ही औषधे गडचिरोलीला किंवा नागपूरला नव्हे, चामोर्शीतच मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. औषध संपले असेल तर तसे लेखी मागावे आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. असा अर्ज लिहून देण्यात शिक्षकाची मदत फार मोलाची ठरते. बोलण्यासाठी आणि सल्ल्यासाठी 14416 हा टेलिमानस सेवेचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असावा.

वर्गात विचारण्यासाठी काही प्रश्न

1. चिंचोक्यांच्या खेळात औषध सुटलेल्यांपैकी किती जणांना भरती व्हावे लागले म्हणजे '50 च्या आतला खर्च नाही' हा नियम डब्याला तोट्याचा ठरतो? महिन्याचा खर्च 5 ऐवजी 3 धरला तर?

2. डब्याच्या वहीशेजारी प्रत्येक घराची एक वही ठेवा. तीत प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी लिहा. आता दोन्ही वह्यांची बेरीज कोणत्या नियमात सर्वांत कमी येते?

3. आपल्या गावाहून ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि नागपूर येथे जाऊन येण्यास किती वेळ आणि किती पैसे लागतात याचा तक्ता करा. दर महिन्याला एक खेप धरली, तर वर्षाचे किती दिवस प्रवासात जातील?